पॉइंट नऊचं झाकण

बकरी ईदला दोन दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला भाचीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने दहा-अकरा वर्षं वापरलेली एक छोटी गाडी घेतली आणि आता सणासुदीला कराडला येताना एकटीच चालवत येते. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक आहे आणि काळजीही. फोनमध्ये मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"मामू, खंबाटकी घाटात आहे. गाडी गरम झालीय. काटा लाल पट्टीत गेला म्हणून कडेला घेतली, बॉनेट उघडलंय. इथले एक काका थांबलेत, ते म्हणतायत झाकण काढून पाणी ओत, दोन मिनिटांत चालू होईल. काढू का?"

मी ऑफिसात होतो. "हात लावू नकोस!" असा ओरडलो की शेजारच्या टेबलावरचे दोघे उभे राहिले. पलीकडे भाची गप्प झाली. तिच्यावर मी कधी आवाज चढवलेला नाही. मग जरा दमाने सांगितलं, "इंजीन बंद आहे ना? बॉनेट उघडंच ठेव आणि गाडीपासून लांब सावलीत जाऊन बस. त्या काकांना शुक्रिया म्हण आणि त्यांनाही हात लावू देऊ नकोस. तासाभराने मला फोन कर. तोवर काही करायचं नाही."

"तासभर? ऊन केवढं आहे, मामू."

"तासभर."

तो तास माझा कसा गेला हे तिला ठाऊक नाही. तिला काय, घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे.

अब्बा वडाप चालवायचे. पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. आत दाटीवाटीने चौदा-पंधरा, मागे लटकलेले चार, टपावर बोचकी. पाटण ते कराड हा त्यांचा रोजचा रस्ता. जीप जुनी होती, हप्त्यावर घेतलेली. क्लीनर म्हणून माझा चुलत भाऊ, बडे अब्बांचा मुलगा, त्यांच्याबरोबर असे. तेव्हा तो सतरा वर्षांचा. आम्ही सगळे त्याला भाईजान म्हणायचो, अजूनही म्हणतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात त्या जीपचं पाणी उडायला लागलं. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा, दोन खेपा झाल्या की वीतभर खाली. अब्बांनी झाकण काढून बघितलं. आतल्या रबराची वाटोळी चकती कडक होऊन फुटली होती. नवं झाकण घ्यायचं तर कराडला जायला हवं आणि पैसे हवेत. घरात फुफूच्या मुलीच्या लग्नाची तयारी चाललेली. अब्बांनी अंगणातून मला हाक मारली. सायकलची जुनी ट्यूब दिली, कात्री दिली आणि ते फुटकं झाकण दिलं. म्हणाले, या मापाची गोल चकती काप. मी अकरा वर्षांचा. गाडीचं काम मला सांगितलं याचीच मला केवढी फुशारकी! झाकण ट्यूबवर ठेवून पेनने गोल काढला आणि जीभ बाहेर काढून कापला. अब्बा जीपखाली झोपून काहीतरी आवळत होते. तिथूनच म्हणाले, "मधे भोक पाड रे त्याला."

मी भोक पाडलं नाही. मला वाटलं, पाणी अडवायला चकती लावायची आणि तिलाच भोक कशाला पाडायचं? शिवाय एवढी सुरेख गोल कापलेली चकती. मी तशीच नेऊन रेडिएटरच्या तोंडावर बसवली, वर झाकण दाबून फिरवलं. हात धुऊन आलेल्या अब्बांनी झाकण घट्ट बसलंय एवढं बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पाणी उडायचं थांबलं. पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. रात्रभर उभी असलेली जीप सकाळी बघावी, तर रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप चपटा झालेला. कुणीतरी मुठीत धरून दाबल्यासारखा. इंजीन सुरू करून थोडा वेळ गेला की तो पुन्हा फुगे. अब्बा म्हणाले, पाइप मऊ पडलाय, लग्नानंतर बदलू.

लग्न चिपळूणला होतं. निकाह दुपारी झाला, जेवणं झाली आणि चारच्या सुमाराला आम्ही परत निघालो. पोफळी सोडली की कुंभार्ली घाटाची चढण लागते. मे महिना, गाडीत माणसं आणि भांडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढणारी जीप. अर्धा घाट चढलो आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. अब्बांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावायला उतरले. बायका खाली उतरून झाडाखाली बसल्या. भाईजानने बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल झाकणावर टाकला आणि फिरवायला लागला. मी दोन पावलांवर उभा होतो. अब्बा मागून ओरडले, "अरे नक्को खोलू!" पण तोवर झाकण निघालं होतं.

पुढचं मी फार वर्णन करत नाही. पांढरा खांब उठल्यासारखं झालं आणि भाईजान दिसेनासा झाला, मग त्याचा आवाज ऐकू आला. छाती, गळा, उजवा हात कोपरापर्यंत. तोंड त्याने वळवलं होतं म्हणून डोळे वाचले. अब्बांनी रेडिएटरसाठी बरोबर घेतलेले पाण्याचे दोन कॅन उचलले आणि दोन्ही त्याच्या अंगावर रिकामे केले, हळूहळू, थांबत थांबत. कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं शाई. अब्बांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. नंतर डॉक्टरही म्हणाले की पाणी ओतलंत तेच बरं केलंत. भाजल्याबरोबर वीस मिनिटं साधं गार पाणी, बाकी काही नाही, हे आता सगळीकडे सांगतात. तेव्हा आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. अब्बांना ते कसं सुचलं कोण जाणे. खाली उतरणाऱ्या एका ट्रकवाल्याने भाईजानला आणि अब्बांना केबिनमध्ये घेतलं आणि चिपळूणला नेलं. आम्ही बाकीचे बिनपाण्याच्या जीपजवळ रात्रीपर्यंत बसून होतो.

भाईजान दीड महिना दवाखान्यात होता. अब्बांनी नंतर जीप विकली. त्या चकतीबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणजे त्यांच्या लक्षात आलेलं नाही अशी मी माझी समजूत करून घेतली. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी शिकलो, नोकरीला लागलो. त्या चकतीने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. रेडिएटरला झाकण असतं तरी कशासाठी, मधे भोक हवं ते का, हे मी कुणाला विचारण्याआधी वाचून काढलं. विचारायचं तर भाईजानलाच विचारावं लागलं असतं. कारण बरा झाल्यावर तो कराडला एका रेडिएटरवाल्याकडे कामाला लागला, आणि पुढे त्याच धंद्यात त्याने स्वतःचं दुकान टाकलं.

मला जे समजलं ते असं. आपण त्याला झाकण म्हणतो, पण डब्याला असतं तसलं ते झाकण नव्हे. ती दोन दारं आहेत, एक बाहेर उघडणारं आणि एक आत.

घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं आणि मग चूल कितीही पेटवा, ते शंभराच्या वर जात नाही, नुसती वाफ होत राहते. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी म्हणून ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. याच्या उलट, भांडं बंद करून दाब वाढवला की पाणी उशिरा उकळतं. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत असलं बंद भांडं दाखवलं होतं आणि ते फुटू नये म्हणून त्याला दाब सोडणारी झडपही बसवली होती. आपल्या कुकरची शिट्टी त्याच घराण्यातली.

रेडिएटरच्या झाकणात शिट्टीच्या वजनाच्या जागी स्प्रिंग असते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. पुष्कळ जण त्याला झाकणाची साइज समजतात, मीही समजत होतो. तो दाबाचा आकडा आहे, चौरस सेंटिमीटरला इतके किलो. ०.९ चं झाकण असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं कूलंट असेल तर १२५ च्याही पुढे. इंजीनचं पाणी नेहमी नव्वदच्या आगेमागे असतं, घाटात शंभरी गाठतं. झाकणाने दाब धरला नाही तर तिथेच उकळी फुटते. उकळी फुटली की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा लोखंडाची उष्णता नीट उचलत नाही. मग इंजीन खरंच तापतं. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूचं रबर कडक झालं म्हणून हजारोंचं हेड वाकडं होतं.

पाणी तापलं की फुगतं. दाब आकड्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते, पहिलं दार उघडतं आणि जादा पाणी बारीक नळीतून शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं. आमच्या त्या जीपसारख्या जुन्या गाड्यांना बाटली नसे, नळी सरळ रस्त्यावर सोडलेली असे. इथवर सगळ्यांना कळतं. दुसरं दार मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी थांबते, पाणी निवतं, आकसतं. आत पोकळी होते. तेव्हा झाकणाच्या बरोबर मध्यभागी असलेली रुपयापेक्षाही लहान चकती खाली ओढली जाते आणि बाटलीतलं पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये येतं. बाटली नसेल तर निदान हवा आत येते. गेलेलं परत घ्यायचं, हे त्या दाराचं काम. ते बंद झालं की पोकळी दुसरीकडे कुठेतरी भरून निघू बघते, आणि सगळ्यात मऊ असतो तो वरचा रबरी पाइप. तो चपटा होतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होतो. पुस्तकात झाकणाचं आडवं कापलेलं चित्र होतं आणि मधल्या चकतीकडे बाण दाखवलेला होता. मी पुस्तक मिटून बाहेर चहाच्या गाडीवर जाऊन उभा राहिलो.

एक गंमत सांगतो. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हे झाकण नुसतंच झाकण होतं, दाब वगैरे काही नाही, पण मान मोठा. ते गाडीच्या नाकावर, सगळ्यांना दिसेल असं असे. रोल्स-रॉइसच्या गाडीवरची पंख पसरलेली बाई १९११ पासून आहे, चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने घडवलेली. ती मुळात रेडिएटरच्या झाकणावर उभी होती. त्याच सुमाराला अमेरिकेत झाकणावर बसवायचा उष्णतामापक निघाला, चालकाने समोर बघावं आणि पाणी किती तापलंय ते कळावं असा. पुढे झाकण बॉनेटच्या आत गेलं, त्याच्यात स्प्रिंग आली, काम वाढलं आणि लोक त्याला विसरले.

भाचीचा फोन चारला आला. मी सांगितलं, वरच्या पाइपला कापड धरून बोटांनी दाब. टणक लागला तर आत अजून दाब आहे, मऊ लागला तर नाही. मऊ होता. मग टॉवेलची चौपदरी घडी झाकणावर ठेवायची, तोंड बाजूला करायचं, झाकण फिरवून पहिल्या खाचेपर्यंत आणायचं आणि तिथे थांबायचं. ही पहिली खाच उगीच दिलेली नाही. तिथे झाकण निघत नाही, फक्त सैल होतं आणि उरलासुरला दाब फुस्स करत नळीवाटे जातो. आवाज पूर्ण थांबला की मगच दाबून पुढे फिरवायचं. तिने तसं केलं. म्हणाली, "मामू, रेडिएटरमध्ये पाणी दिसत नाहीये, आणि बाजूची बाटली मात्र काठोकाठ भरलीय."

मला तिथेच कळलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, म्हणजे पाणी गेलं पण परत आलं नाही. तिला सांगितलं, इंजीन पुरतं निवलंय ना, मग बाटलीबंद पाणी हळूहळू ओत, एकदम नको. तापलेल्या इंजीनवर गार पाणी ओतलं तर धातू तडकू शकतो. आणि ये हळूहळू, एसी न लावता, काट्यावर नजर ठेवून. पण नुसत्या काट्यावरही विश्वास ठेवू नकोस. पाणी पार संपलं की काट्याच्या सेन्सरला पाणीच लागत नाही, आणि काटा उलट खाली उतरून सगळं ठीक असल्याचं दाखवतो.

रात्री आठला ती पोचली. आपाने आधी तिची दृष्ट काढली आणि मग रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना आम्ही भाईजानच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एका कोपऱ्यात पाण्याचा हौद, भिंतीला टेकवलेले जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर. रेडिएटरची तोंडं बंद करून आत हवा भरायची, तो हौदात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघून झाळ द्यायची, हे त्याचं खरं कसब. आता नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या. त्याला झाळ लागत नाही, अख्खा बदलायचा. "फेकायचं काम आहे, करायचं काही नाही," असं तो म्हणतो. आमच्या लोकांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवायची अलीकडे फॅशन झाली आहे. हिणवणाऱ्यांपैकी कुणी घाटात अडकला की त्याला याच लोकांपैकी एकाचा नंबर लागतो, एवढंच बोलतो आणि पुढे जातो.

भाईजानने बाह्या सरसावल्या. उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, चकाकणारी, केस नसलेली आहे. भाचीने लहानपणापासून बघितलेला हात, तिला त्यात नवं काही नाही. त्याने झाकण काढून तिच्या हातात दिलं. "हे बघ बेटा. हे रबर. नखाने दाब. नवं असेल तर नख रुततं, हे दगड झालंय. काठाला वळ पडलाय बघ. ही स्प्रिंग, गंज धरलाय. आणि हे मधलं बारीक, हे चिमटीत धरून ओढ."

तिने ओढलं. ते हललं नाही.

"चांगलं असेल तर ओढलं की येतं आणि सोडलं की टचकन जागेवर बसतं. हे क्षारांनी धरलंय. बोअरचं पाणी टाकतेस का?" भाचीने मान खाली घातली. सोसायटीचा वॉचमन पाइपने भरून द्यायचा म्हणे. भाईजानने भांड्यातल्या पांढऱ्या थराची साल दाखवावी तसा रेडिएटरच्या तोंडाच्या आत बोट फिरवून तिला दाखवलं. तिथे काठ खरवडलेला किंवा वाकडा नाही ना, हेही बघायचं असतं, नाहीतर नवं झाकणसुद्धा बसत नाही. मग बाटलीकडे जाणारी नळी काढून फुंकून बघितली. ती तडकली असेल तर परत येताना पाण्याऐवजी हवा येते. शेवटी झाकण हातपंपाला लावून दाब दिला. ०.९ ला सुटायला हवं, ते पॉइंट पाचच्या आसपासच सुटलं.

"म्हणजे दोन्ही दारं गेली," मी म्हणालो. भाईजानने माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मी त्याच्या धंद्यातलं कधी बोलत नाही.

भाचीने विचारलं, मग १.१ चं बसवू या का, जास्त मजबूत? भाईजान हसला. कंपनीने जो आकडा दिलाय तोच. जास्तीचं झाकण बसवलं तर ते सुटण्याआधी पाइप सुटेल, नाहीतर प्लास्टिकची टाकी फुटेल. कमीचं बसवलं तर पाणी लवकर उकळेल. त्याने मोजून कूलंट आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर भरलं, आधी दोनदा रेडिएटर धुऊन. कूलंट बदलताना झाकणही बदलायचं, असा त्याचा सरळ हिशेब आहे. वर हेही बजावलं की नव्या झाकणानंतरही पाणी कमी होत राहिलं तर झाकणाला दोष देत बसू नकोस. मग कुठेतरी गळती आहे, वॉटर पंप आहे, नाहीतर हेड गॅस्केट आहे. घेऊन ये. आणि काही गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, बाजूच्या टाकीवर प्लास्टिकचं आटे असलेलं असतं. तिथेही दाब असतोच. तेही गरम असताना उघडायचं नाही.

"पण समजा चुकून उघडलंच," भाची म्हणाली, "तर एवढं काय होतं? नुसतं गरम पाणी."

भाईजान नवं झाकण खोक्यातून काढत होता. थांबला. म्हणाला, "आतलं पाणी शंभराच्या वर असतं, दाबाने गप्प बसलेलं. झाकण काढलंस की दाब गेला, त्यातल्या थोड्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. लिटरभर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. कपभराची झाली तरी बाकीचं पाणी घेऊन वर येते." मग हात पुढे केला. "मी टॉवेल टाकला होता. पहिल्या खाचेवर थांबलोही होतो. मला ते माहीत होतं. तुझ्या नानांनीच शिकवलं होतं. पण फुस्स झालं नाही. मी ऐकत होतो, आवाजच आला नाही. वाटलं, दाब नाही. म्हणून फिरवलं."

मी शेडच्या खांबाला धरून उभा होतो.

"का नाही आला आवाज?" भाचीने विचारलं.

"तोंडावर ट्यूबची चकती होती. झाकण सैल झालं तरी ती फुगून तिथेच बसली होती, वाट अडवून. चिपळूणला नर्सने माझ्या छातीवरून सोलून काढली ती. एवढी गोल." त्याने अंगठा आणि बोट जुळवून माप दाखवलं. "भोक नव्हतं तिला."

बत्तीस-तेहतीस वर्षं हे त्याला माहीत होतं. ईदला गळाभेट घेताना, माझ्या लग्नात, अब्बांच्या मय्यतीला, प्रत्येक वेळी त्याला माहीत होतं.

"ती मी कापली होती," मी म्हणालो. आवाज कसा निघाला माहीत नाही. "अब्बा म्हणाले होते भोक पाड. मी पाडलं नाही."

भाची एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. भाईजान नव्या झाकणाचं रबर पाण्याने ओलं करत होता, नवं झाकण बसवताना तो नेहमी करतो तसं. त्याने मान वर केली नाही.

"कशाला पाडायचं ते सांगितलं होतं का त्यांनी तुला?"

"नाही."

"मग?"

बाहेर कुणीतरी त्याला हाक मारत होतं, ट्रॅक्टरचा रेडिएटर घेऊन आलं होतं. त्याने "आलो" म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "आणि भोक असतं तरी चढावर, वाफा निघताना झाकणाला हात लावायचाच नसतो. चाचा ओरडत होते. मला ऐकू आलं होतं."

त्याने झाकण भाचीच्या हातात दिलं आणि तिलाच बसवायला लावलं. दाब, फिरव, पहिली खाच, पुन्हा दाब, फिरव, शेवटपर्यंत. परत काढायला लावलं, परत बसवायला लावलं. तिसऱ्यांदा तिने न बघता बसवलं. "उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी वरचा पाइप बघायचा," तो म्हणाला. "गोल असला पाहिजे. बाटलीतलं पाणी दोन रेघांच्या मध्ये. चपटा दिसला तर फोन कर, मामूला नको, मला."

झाकणाचे पैसे त्याने घेतले, कामाचे घेतले नाहीत. जुनं झाकण भंगाराच्या डब्यात टाकायला निघाला तेव्हा मी ते मागून घेतलं. मधली चकती घरी आल्यावर टाचणीने बराच वेळ खरवडत बसलो होतो. दुपारी कधीतरी ती सुटली.